लेव्हल केलेल्या पिकअपला मोठे टायर: मोजमाप, घासण्याच्या जागा आणि पहिले हजार किलोमीटर

दुकानाच्या फरशीवर उभी असलेली गाडी कधीच घासत नाही.

माझ्या इसुझू व्ही-क्रॉस पिकअपला २८५/७० आर१७ चे टायर आणि बाहेर निघणाऱ्या रिम घातल्या, त्या दिवशी दुकानदाराने स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून दाखवलं. टायर आणि लायनरच्या (मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकच्या) मधून दोन बोटं फिरवली आणि म्हणाला, "साहेब, बसतंय की! बघा, आरपार जागा आहे." बसलं होतंच. रात्री खडकवासल्याच्या पुढे पानशेतच्या रस्त्याला लागलो, एका वळणावर ब्रेक दाबतच खड्ड्यात उतरलो आणि पुढच्या चाकातून पत्रा फाटल्यासारखा आवाज आला. मोबाइलच्या उजेडात पाहिलं, तर लायनरचा मागचा अर्धा भाग निखळून चाकात गुंतला होता. टायरच्या खांद्यावर बोटभर रबर सोललं होतं. दुकानदाराची चूक होतीच, पण जास्त माझी. मी एकही आकडा मोजला नव्हता, फोटो पाहून टायर निवडले होते.

ते टायर विकले, दोन महिने कंपनीच्या टायरवर फिरलो आणि मग पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. या वेळी हातात टेप, खडू आणि मुलीकडून मागून आणलेली खेळण्यातली क्ले होती. हा लेख त्या दुसऱ्या वेळचा.

लेव्हल करणं म्हणजे नेमकं काय

पिकअप कंपनीतून येते तेव्हा तिचं नाक थोडं खाली आणि शेपूट वर असते. हौद्यात माल भरला की मागचे पाटे दबतात आणि गाडी सरळ होते, त्यासाठीच ती तशी बनवलेली असते. लेव्हलिंग म्हणजे पुढची बाजू उचलून रिकाम्या गाडीला सरळ उभं करणं. व्ही-क्रॉस काय किंवा टोयोटाची हायलक्स काय, पुढे डबल विशबोन (चाकाला धरणारे वरचा आणि खालचा असे दोन आडवे हात) आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. त्यामुळे काम पुढच्या स्ट्रटवरच, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपच्या जोडणीवरच होतं.

त्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, स्ट्रटच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या माउंटवर, स्पेसर (जाड चकती) बसवायचा. हा स्वस्त आणि सोपा. दुसरा, स्प्रिंग दाबून तिच्यावर स्पेसर घालायचा. यात स्प्रिंग आधीपासूनच जास्त दाबलेली राहते आणि गाडी खडखड चालते. तिसरा, वेगळ्या स्प्रिंगचा आणि लांब शॉकअपचा पूर्ण सेट. महाग, पण पैसे असतील तर हाच. स्प्रिंग दाबायचं काम घरी करू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जायबंदी होतो, आणि हे मी भीती घालायला म्हणत नाही.

स्पेसर विकत घेताना एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. स्ट्रटचं खालचं टोक विशबोनच्या मधोमध कुठेतरी जोडलेलं असतं, चाकापाशी नाही. त्यामुळे वर १५ मिमीचा स्पेसर घातला की चाकापाशी उंची साधारण पावणेदोन-दोन पट, म्हणजे २५ ते ३० मिमी वाढते. ३० मिमीचा स्पेसर "३० मिमी लिफ्ट" समजून घातला, तर गाडी पन्नासेक मिमी उचलली जाते. मग सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या शाफ्टचे सांधे) वाकडे चालतात आणि वरच्या विशबोनच्या टोकाचा बॉल जॉइंट त्याच्या हालचालीच्या टोकाला टेकतो.

किती उचलायचं? माझा मामेभाऊ मुळशीकडे रोपवाटिका चालवतो. हौद्यात कुंड्या, शेणखताची पोती, कधी पाण्याची टाकी. मी गाडी तंतोतंत सरळ करायला निघालो तेव्हा तो म्हणाला, "दादा, तू नाक वर केलंस आणि मी पोती भरली, की गाडी चांदण्या मोजत जाणार." बरोबर होतं त्याचं. मागे माल किंवा कुटुंबाचं सामान जाणार असेल, तर दहा-पंधरा मिमीचा कल शिल्लक ठेवा. पुढे २५ ते ३५ मिमी उचललं की बहुतेकांचं भागतं.

आता खरा गैरसमज. "लेव्हल केली, म्हणजे मोठ्या टायरला जागा झाली." झाली ती गाडी उभी असतानाची जागा. चाक जास्तीत जास्त किती वर जाऊ शकतं हे बंप स्टॉप ठरवतो, आणि चेसिसवरच्या बंप स्टॉपला स्पेसरशी देणंघेणं नसतं. वळणावर ब्रेक मारत खड्ड्यात उतरलात की चाक लेव्हलिंगच्या आधी जिथवर जायचं तिथवर आताही जाणार. मोठा टायर बसतो की नाही हे त्या टोकाच्या क्षणी ठरतं. पानशेतच्या रस्त्यावर माझं तिथेच चुकलं.

टायर आधी, उंची नंतर

टायरच्या कडेवरचे आकडे वाचता आले पाहिजेत. माझ्या गाडीला कंपनीने २५५/६० आर१८ दिले होते. २५५ ही मिमीमधली रुंदी, ६० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या साठ टक्के, १८ हा रिमचा व्यास इंचांत. २५५ चे साठ टक्के १५३. वर-खाली मिळून ३०६. त्यात १८ इंच म्हणजे ४५७.२ मिमी मिळवा. एकूण व्यास ७६३.२ मिमी, साधारण ३० इंच.

आता पर्याय पाहू. २६५/६५ आर१८ चा व्यास येतो ८०१.७ मिमी, म्हणजे साडेएकतीस इंच. मूळ टायरपेक्षा ३८.५ मिमी मोठा, पाच टक्क्यांची वाढ. मी आधी घातलेला २८५/७० आर१७ हा ८३०.८ मिमी, जवळपास ३३ इंच आणि जवळपास नऊ टक्के वाढ.

व्यास ३८ मिमी वाढला म्हणजे गाडी ३८ मिमी उंच झाली असं नाही. एक्सलच्या खाली येते ती निम्मी वाढ, एकोणीस मिमी. उरलेली निम्मी वर मडगार्डच्या दिशेने जाते आणि लायनर फाडते. घासण्याचा हिशेब म्हणूनच पुढच्या-मागच्या आणि वरच्या बाजूचा करायचा असतो.

माझं मत विचाराल तर पुण्यात राहून ताम्हिणी, वरंध, वेल्ह्याकडच्या कच्च्या वाटा आणि वर्षातून एखादी कोकणाची फेरी करणाऱ्याला साडेएकतीस इंच भरपूर झाले. ३३ इंच हवेच असतील तर विशबोन, कापाकापी, ब्रेक, गिअरिंग या सगळ्याचा खर्च आधी मांडा. नुसते टायर घेऊन भागत नाही.

मोठ्या टायरने गाडीचं गिअरिंगही तेवढंच उंच होतं. पाच टक्के वाढ वरंध घाटात दुसऱ्या गिअरमध्ये जाणवते, टर्बो जागा व्हायला क्षणभर जास्त लागतो. नऊ टक्क्यांना तर मी सारखा गिअर खाली टाकत होतो.

कायद्याचं थोडक्यात

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच ठामपणे सांगितलं. कलम १८२अ खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीची तरतूद आहे. कंपनीने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरियंटला दिलेला टायर साइझ घेतला, तर तुम्ही सगळ्यात सुरक्षित जागी आहात. उंची वाढवणं आणि मडगार्डबाहेर निघणारे टायर हे दोन्ही अडचणीत आणू शकतात. संगम पुलाजवळच्या आरटीओत जाऊन आधी विचारणं, विमा कंपनीला लेखी कळवणं आणि वॉरंटी बाकी असेल तर सर्व्हिस सेंटरचं म्हणणं ऐकणं, ही तिन्ही कामं टायर घेण्याआधीची. अपघातानंतर विम्याचा दावा अडकला तर त्या वेळी कोणाचंच काही चालत नाही.

घरी करायची मोजमापं

सोसायटीच्या पार्किंगमधली सपाट जागा शोधा. टाकी अर्ध्याच्या वर भरलेली, हौदा रिकामा, हवा कंपनीने सांगितलेली. दारापाशी पिलरवर स्टिकर असतो, त्यावर साइझ आणि हवेचा दाब दोन्ही मिळतात.

चारही चाकांवर हबच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत सरळ उभं अंतर मोजा आणि वहीत लिहा. दाराखालच्या उंबऱ्याची पुढच्या आणि मागच्या टोकाची जमिनीपासूनची उंची मोजा, त्यावरून गाडीचा कल कळतो. टायरच्या पुढच्या पृष्ठभागापासून बंपरच्या आतल्या काठापर्यंत आणि मागच्या पृष्ठभागापासून लायनरपर्यंतची अंतरंही घ्या, सरळ स्टिअरिंगला आणि दोन्ही टोकांना. आतल्या बाजूने टायर आणि वरच्या विशबोनमध्ये किती जागा आहे, तेही बघा. इथे माणसं नेहमी विसरतात, आणि रुंद टायर पहिल्यांदा इथेच आत घासतो.

स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरवल्यावर काय होतं हे एकदा डोळ्यांनी बघा. दोन्ही चाकांच्या पुढच्या कडा डावीकडे जातात आणि मागच्या उजवीकडे. म्हणजे डाव्या चाकाची पुढची कड बंपरच्या कोपऱ्याकडे येते, त्याची मागची कड आत चेसिसच्या बॉडी माउंटकडे (केबिन जिथे चेसिसवर टेकते त्या जागेकडे) जाते. उजव्या चाकाची मागची कड बाहेर, मडफ्लॅपच्या दिशेने येते. उजवीकडे वळवलं की सगळं उलट. घासण्याच्या जागा शोधायला याहून चांगला नकाशा नाही.

रिम: जिथे सगळे घसरतात

रिमच्या मागच्या बाजूला ईटी आणि त्या अक्षरांपुढे एक आकडा कोरलेला किंवा उठावात असतो. तो ऑफसेट. आकडा कमी केला की चाक बाहेर निघतं. ईटी ३३ वरून ईटी १० वर आलात तर चाकाचा मध्य २३ मिमी बाहेर. त्यात टायर २५५ चा २८५ केला की प्रत्येक बाजूला आणखी १५ मिमी. बाहेरची कड एकूण ३८ मिमी बाहेर. दिसायला दणकट, पण स्टिअरिंग फिरवताना ती कड तेवढ्याच मोठ्या वर्तुळात फिरते आणि बंपर-लायनर दोन्हीकडे पोचते. वर बेअरिंगवर भार, स्टिअरिंगला झटके आणि दरवाजावर चिखलाची रांगोळी.

माझा सल्ला सरळ आहे: कंपनीच्या रिम ठेवा. बदलायच्याच असतील तर ऑफसेट मूळ आकड्याच्या आसपास ठेवा. पीसीडी (बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) बघा, व्ही-क्रॉस आणि हायलक्स दोन्हींचा ६ बाय १३९.७ आहे. पण मधल्या भोकाचा व्यास जुळणं वेगळी गोष्ट. हायलक्सचा तो १०६.१ मिमी आहे. भोक मोठं असेल तर चाक हबवर मध्यात आणणारी रिंग हवी, नाहीतर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि आपण बॅलन्सिंगवाल्याला शिव्या देत बसतो. नटही तपासा: काही कंपनी-अलॉयला सपाट वॉशरचे नट असतात, बाहेरच्या रिमला निमुळत्या बुडाचे. चुकीचा नट घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि घाटात सैल होतो. आणि ते अॅल्युमिनियमचे व्हील स्पेसर, हब आणि रिमच्या मध्ये घालायचे? नको.

टायर निवडताना

एटी (ऑल-टेरेन, सगळ्या रस्त्यांचा) की एमटी (मड-टेरेन, चिखलाचा)? मुळशी-वेल्ह्याच्या पावसाळी चिखलात एमटी छान चालतो, पण उरलेले दिवस कात्रज-देहू रोड बायपासवर तो गुंजत राहतो आणि ओल्या डांबरावर ब्रेकिंग लांबतं. एटी घ्या. योकोहामा जिओलँडर, बीएफगुडरिच, मॅक्सिस, अपोलो अशा बऱ्याच कंपन्या एटी बनवतात. नावापेक्षा कडेवरचे आकडे जास्त महत्त्वाचे.

भार-अंक मूळ टायरइतका किंवा जास्त हवा. ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो, ११६ म्हणजे १२५० किलो. त्यापुढचं अक्षर वेगाचं, क्यू म्हणजे १६०, एस म्हणजे १८०, एच म्हणजे २१० किमी ताशी. साइझच्या आधी एलटी (लाइट ट्रक) लिहिलं असेल, तर टायर जाड बाजूंचा असतो आणि प्रत्येकी काही किलो जास्त जड. तो दगडाला तोंड देतो, पण रिकाम्या गाडीत डुगडुगतो. तोच भार पेलायला त्याला जास्त हवा लागते. तुम्ही पोती वाहत नसाल आणि दगडधोंड्यातून नेहमी जात नसाल, तर साधा एटी पुरतो. शेवटचं, कडेवरच्या डॉट (DOT) कोडचे अखेरचे चार अंक: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२२४ म्हणजे २०२४ चा बत्तिसावा आठवडा. वर्षभर दुकानात पडलेला टायर नवा म्हणून विकला जातो. भाव ठरण्याआधी हे वाचा, नंतर वाचून भांडण होतं, माल बदलत नाही.

चार नव्हे, पाच टायरचा हिशेब करा. स्टेपनी जुन्या व्यासाची राहिली तर पंक्चरनंतर फोर-व्हील ड्राइव्ह लावता येत नाही. पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्या जुळत नाहीत आणि ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर) ताण पडतो. पिकअपची स्टेपनी हौद्याच्या खाली साखळीवर लटकते. तिथे साडेएकतीस इंचाचा टायर बसतो का, सायलेन्सरला टेकतो का, हे रिकाम्या जागेत टेप घालून आधीच बघा.

बसवण्याचा दिवस

एकच दिवस ठरवा, सकाळी लवकर. क्रम असा: आधी उंची, मग टायर, मग तपासणी, आणि अलाइनमेंट सगळ्यांत शेवटी. अलाइनमेंट आधी करून नंतर स्पेसर घालणारे लोक मी पाहिलेत.

गाडी दोन्ही बाजूंनी उचलून चेसिसखाली घोड्या लावा. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नये. स्टॅबिलायझरची लिंक सोडा, वरचा बॉल जॉइंट सुटा करा, स्ट्रट काढा, स्पेसर बसवा, परत लावा. चाक पूर्ण खाली लोंबकळत असताना तीन गोष्टी हाताने चाचपून बघा: ब्रेकचा होज (रबरी नळी) ताणला आहे का, एबीएसची वायर ताणली आहे का, आणि सीव्ही जॉइंटचं रबरी बूट घड्या पडून एकमेकांवर घासतंय का. होज तारेसारखा ताठ दिसला तर त्याचा ब्रॅकेट खाली घ्यायचा किंवा स्पेसर कमी करायचा. यावर तडजोड नाही.

मग एक गोष्ट जी बहुतेक गॅरेजांत होत नाही: विशबोनचे बुशवाले बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे घट्ट करू नका. नुसते बसवा, चाक लावा, गाडी जमिनीवर उतरवा, दोन-चार वेळा दाबून हलवा आणि मग टॉर्क पान्याने (ठरवलेल्या जोराइतकंच घट्ट करणाऱ्या पान्याने) घट्ट करा. हवेत घट्ट केले तर बुशचं रबर उतरल्यावर पिळलेलंच राहतं आणि लवकरच कुरकुर सुरू होते. मेकॅनिक काका तिरकस बघतील. बघू दे.

टायर रिमवर चढल्यावर बॅलन्सिंग. एटी टायरला वजनं जास्त लागतात, पण एका चाकाला शंभर ग्रॅमच्या पुढे शिशाच्या पट्ट्या लागत असतील, तर आधी हवा काढून टायर रिमवर अर्धा फेरा फिरवायला सांगा. बऱ्याचदा निम्मं वजन तिथेच कमी होतं.

नट तारा-पद्धतीने, म्हणजे समोरासमोरचे, दोन टप्प्यांत घट्ट करा. टॉर्कचा आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतला. हवेच्या गनने ठोकून बसवलेले नट रस्त्यात पंक्चर झाल्यावर तुमच्याच्याने सुटणार नाहीत.

क्लेची चाचणी

हा माझा आवडता भाग, आणि यात वेळ घालवा.

मुलीची निळी क्ले घ्या. बोटाएवढे जाड गोळे करून लायनरच्या मागच्या भिंतीवर, बंपरच्या आतल्या कोपऱ्यावर, बॉडी माउंटवर आणि वरच्या विशबोनपाशी दाबून चिकटवा. एका बाजूला पाच-सहा गोळे पुरतात. टायरच्या खांद्यावर खडूने जाड रेघ मारा. आता स्टिअरिंग पूर्ण डावीकडे करून हळूहळू पुढे आणि मागे, मग उजवीकडे. मागे घेतानाही घासतं, रिव्हर्स विसरू नका.

नंतर गाडी अशा जागी न्या जिथे एक पुढचं चाक वर चढेल आणि दुसरं खाली लोंबकळेल. मी शहराबाहेर एका शेताच्या बांधावर, मालकाला विचारून, तिरपी चढवली. चाक चढलेलं असताना स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा. एक माणूस बाहेर हवा, त्याने चाकाकडे बघायचं आणि हात दाखवायचा. गाडी चालवणाऱ्याने खाली वाकायचं नाही. त्यानंतर सोसायटीतल्याच स्पीड ब्रेकरवरून वीसच्या वेगाने, वळण घेत, ब्रेक दाबून. मग क्ले बघा.

जिथे गोळा चपटा झाला, तिथे किती जाडी उरली ते मोजा. दहा-बारा मिमी किंवा जास्त उरलं असेल तर निश्चिंत राहा. पाच मिमीच्या खाली असेल तर पावसाळ्यात घासणारच, कारण ताम्हिणीतल्या लाल चिखलाचा थर खाचांत भरला की टायर तेवढा मोठा होतो. गोळा नाहीसा झाला आणि मागे चकचकीत काळा ओरखडा राहिला, तर तिथे कापाकापी. माझ्या २६५/६५ आर१८ ला दोन जागी लागलं: डाव्या लायनरच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात आणि मडफ्लॅपच्या आतल्या कडेला. बस, इतकंच.

लायनर प्लॅस्टिकचं असतं. हीट गनने ऊब देऊन जाड कापडाने दाबत मागे सारा आणि गार होईपर्यंत धरून ठेवा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं. मडफ्लॅप सरळ कापा. पत्र्याची जोडपट्टी पुढे येत असेल तर हातोडीने चपटी करता येते, पण रंग फुटला की तिथे लगेच प्रायमर आणि रंग लावा. एका पावसाळ्यात गंज धरतो. बॉडी माउंट कापून वेल्डिंग करण्याची पाळी येत असेल तर टायरच चुकलाय असं समजा. मी तरी चेसिसला हात लावू देणार नाही.

अलाइनमेंट आणि दिवे

गाडी उचलल्यावर टो (चाकांची तोंडं आत की बाहेर वळलेली) बिघडतो आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. कॅस्टर कमी झाला की स्टिअरिंग हलकं, भरकटलेलं वाटतं, वळणानंतर ते आपोआप मध्यावर येत नाही. अलाइनमेंटवाला नुसता टो बघून पैसे घ्यायच्या तयारीत असतो. त्याला तिन्हीचा छापील कागद मागा: टो, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), कॅस्टर, डावी-उजवी दोन्ही. खालच्या विशबोनवरचे कॅम बोल्ट फिरवून कॅस्टर शक्य तितका परत आणायला सांगा. दोन्ही बाजूंत मोठा फरक नको, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटीची गाडी असेल तर स्टिअरिंग अँगल सेन्सर पुन्हा शून्यावर घ्यावा लागतो.

दिव्यांचं काम फुकटचं आहे आणि कोणी करत नाही. स्पेसर घालण्याआधी रात्री गाडी भिंतीपासून ठरावीक अंतरावर उभी करा, लो बीमची वरची कड जिथे पडते तिथे खडूने आडवी रेघ मारा. काम झाल्यावर तिथेच परत उभी करा. रेघेच्या वर जेवढा प्रकाश गेला, तेवढा स्क्रूने खाली आणा. नाक वर केलेल्या पिकअपच्या दिव्यांनी समोरच्या दुचाकीवाल्याचे डोळे दिपतात.

पहिले हजार किलोमीटर

पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क पान्याने बघा. मी पिरंगुटपर्यंत जाऊन आलो आणि चांदणी चौकाजवळ थांबून तपासले. दोन नट थोडे फिरले. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्याचं तेलकट आवरण असतं, त्यामुळे पहिले काही शे किलोमीटर ओल्या रस्त्यावर जपून.

हवा किती? टायरवर आडवा खडू मारून शंभर-दोनशे मीटर सरळ चालवा. मधलाच खडू पुसला तर हवा जास्त, दोन्ही कडांचाच पुसला तर कमी, सारखा पुसला तर तीच हवा. रिकाम्या आणि भरलेल्या हौद्यासाठी वेगळे आकडे काढून दाराच्या आत चिकटवा. कच्च्या वाटेवर मी २२ पीएसआयपर्यंत उतरतो, पण गाडीत कॉम्प्रेसर असल्याशिवाय उतरत नाही, आणि डांबर लागायच्या आत परत भरतो.

स्पीडोमीटर आता कमी दाखवतो. माझ्या पाच टक्के वाढीत, आधी काटा अचूक असेल तर ८० दाखवताना गाडी ८४ ने धावते. बहुतेक गाड्यांचा काटा मुळात थोडा जास्तच दाखवतो, म्हणून प्रत्यक्ष फरक कमीही निघेल. अंदाजावर राहू नका, जीपीएस लावून सरळ रस्त्यावर एकदा तपासा. एक्सप्रेसवेवर वेगाची मर्यादा आहे, आणि तिथला कॅमेरा तुमच्या काट्याकडे बघत नाही. ओडोमीटरही पाच टक्के कमी मोजतो. म्हणून "मायलेज पडलं" म्हणून ओरडण्याआधी किलोमीटर १.०५ ने गुणा. माझं थोडं पडलं, पण पहिल्यांदा वाटलं तेवढं नाही. सर्व्हिसही त्याच हिशेबाने थोडी लवकर घ्या.

हजार किलोमीटरला अलाइनमेंट पुन्हा तपासा, बुश आणि बोल्ट बसलेले असतात. पाचही टायर आठ-दहा हजारांवर आलटूनपालटून फिरवा. पहिल्या पावसाळी फेरीनंतर गाडी धुताना लायनरच्या आत बॅटरीचा प्रकाश टाका, नवा ओरखडा दिसतो का बघा. सीव्ही बूटवर ग्रीसचे शिंतोडे दिसले, तर बूट फाटलंय. ते त्याच आठवड्यात बदला.

आणि क्ले काढा. मी उजव्या बॉडी माउंटवरचे दोन गोळे विसरलो होतो. जूनच्या पावसात ते मऊ होऊन चेसिसवर पसरले, आणि अजूनही मुलगी गाडीखाली वाकून विचारते, "बाबा, माझी निळी क्ले?"